साळावली धरणावर घरच्यांसोबत एक दिवस: तारीख ठरवण्यापासून परत येईपर्यंत

मडगाव, वास्को, केपे, कुडचडे या पट्ट्यात ज्याच्या घरी नळ आहे, त्याने एकदा तरी मुलाबाळांना घेऊन साळावलीला जावं, असं माझं ठाम मत आहे. आपण पितो ते पाणी कुठून येतं, ते साठवायला कुणी काय गमावलं आणि ते स्वच्छ राहावं म्हणून आपल्याला काय करता येईल, हे सगळं तिथे एका दिवसात डोळ्यांसमोर येतं. शिवाय जागा देखणी आहे. सांगे गावापासून धरण जेमतेम पाचेक किलोमीटरवर, म्हणजे सकाळी निघून संध्याकाळी घरी येण्यासारखं. पण योग्य दिवस निवडला नाही, तर गर्दी आणि चिखल यांतच दिवस जातो. म्हणून सुरुवात तारखेपासून करू.

आधी ऋतू ठरवा, मग वार

धरणाला स्वतःचं पंचांग असतं. जूनमध्ये पाऊस लागला की पाणी चढू लागतं. साधारण जुलैत, पाऊस रेंगाळला तर थोडं उशिरा, जलाशय काठोकाठ भरतो आणि सांडव्यावरून, म्हणजे जादा पाणी वाहून जाण्याच्या वाटेवरून, पाणी पडू लागतं. ही पातळी ४१.१५ मीटर. पावसाळ्यात वर्तमानपत्रात 'साळावली भरले' अशी बातमी येते ती याच वेळची. त्यानंतर ऑगस्ट-सप्टेंबरभर पाणी कमीजास्त पडत राहतं. दिवाळीनंतर पाणी शांत असतं आणि डोंगर हिरवे असतात. मार्चपासून पातळी उतरते आणि मे महिन्यात जलाशयाच्या वरच्या अंगाला बुडालेली जमीन उघडी पडते.

तुमच्या घरात कोण आहे त्यावर निवड करा. सांडवा पडताना बघायचा असेल, तर जुलैचे पहिले रविवार सोडून द्या. बातमी आली की सगळा दक्षिण गोवा त्याच रविवारी निघतो. रस्त्याकडेला गाड्यांची रांग लागते आणि कठड्याशी उभं राहायला जागा मिळत नाही. माझ्या मते सर्वांत चांगला काळ म्हणजे चतुर्थीनंतरचे दिवस. पाऊस उघडझाप करतो, सांडवा बहुतेक वर्षी अजून पडत असतो आणि गर्दी ओसरलेली असते. आजी-आजोबा किंवा तान्हं मूल बरोबर असेल, तर डिसेंबर-जानेवारी बरा. सांडवा कोरडा असेल, पण बागेत बसता येईल, पायऱ्या निसरड्या नसतील आणि ऊन सोसवेल.

मे महिना आणि ऑक्टोबरचा शेवट यांत एक धोका असतो, तो म्हणजे दुपारनंतरची वीज. धरणाची भिंत उघड्यावर आहे, आडोसा नाही. ढग काळवंडले आणि गडगडाट ऐकू आला की वर थांबू नका. छत्री उघडून कठड्याशी उभं राहणं तर मुळीच नको. मुलांना घेऊन थेट गाडीत बसा. झाडाखाली उभं राहणंही टाळा.

निघण्याच्या आदल्या दिवशी हवामान खात्याचा इशारा बघा. ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर बेत पुढे ढकला. अतिवृष्टीच्या दिवसांत प्रशासन धबधबे आणि पाणवठ्यांवर बंदी घालतं. बागेच्या आणि प्रवेशाच्या वेळाही बदलत असतात. सांग्यात कुणी ओळखीचं असेल तर एक फोन करून विचारून घेतलेलं उत्तम.

रस्ता आणि न्याहारी

मडगावहून दोन वाटा आहेत. एक चांदोर, कुडचडेमार्गे सांग्याला. दुसरी केपे, जांबावली, रिवणमार्गे. जाताना एक आणि येताना दुसरी घ्या, म्हणजे मुलांना त्याच त्या खिडकीचा कंटाळा येत नाही. मी कुडचडेमार्गे जाऊन जांबावलीमार्गे परत यायला सांगेन, कारण जांबावलीचं देऊळ परतीच्या वेळी, ऊन उतरल्यावर जास्त सुखाचं वाटतं. पणजीहून येणाऱ्यांनी फोंडा, बोरी, सावर्डे अशी वाट धरावी आणि सकाळी सातच्या आत निघावं.

गाडी नसेल तरी अडत नाही. मडगावहून सांग्याला बस आहे आणि रेल्वेने यायचं तर सावर्डे-कुडचडे स्थानक आहे. पुढे सांग्याहून रिक्षा करावी लागते. तिथे एक काळजी घ्या: जाताना रिक्षावाल्याशी परतीची वेळही ठरवून ठेवा. धरणापाशी रिकामी रिक्षा मिळेल या भरवशावर राहू नका, विशेषतः संध्याकाळी.

न्याहारी कुडचडे किंवा सांगे बाजारात उरकून घ्या. सकाळी तिथे गरम पातळभाजी, सुकी भाजी, पाव, मिरच्या, बन असं सगळं मिळतं आणि मुलांचं पोट भरलेलं असलं की पुढचे दोन तास शांततेत जातात. धरणाजवळ जेवणाची मोठी सोय धरून चालू नका. दुपारचं जेवण घरून न्यावं हे उत्तम.

पिशवीत काय

प्रत्येकामागे किमान दीड लिटर पिण्याचं पाणी. धरणावर जातोय म्हणून पाणी कमी घेणारे लोक असतात. जलाशयातलं पाणी शुद्धीकरणाआधीचं असतं, ते कुणीही प्यायचं नाही.

जेवण डब्यात भरा. पोळी-भाजी, तवसं कापून, चिकूची फोड, घरचे लाडू. पावसाळ्यात दहीभात टिकतो, उन्हाळ्यात सोलकढी न्या, पण स्टीलच्या बाटलीत. काचेची बाटली घरीच ठेवा. फुटली तर तिचा तुकडा गवतात वर्षानुवर्षं पडून राहतो आणि एखाद्याच्या पायात जातो. बागेत किंवा काठावर चूल पेटवायची नाही, दारू उघडायची नाही. पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करणं आणि दारू पिणं गोव्यात कायद्याने गुन्हा आहे, दंड होतो.

याशिवाय एक मोठी रिकामी पिशवी, कचऱ्यासाठी. मुलांना पट्ट्याच्या, तळ खरखरीत असलेल्या चपला घाला. रबरी स्लीपर ओल्या जांभ्यावर साबणासारखी घसरते. एक जास्तीचा कपड्यांचा जोड, टॉवेल, टोपी, प्रथमोपचाराची डबी. मोबाइलची रेंज जलाशयाच्या आतल्या बाजूला दगा देते, म्हणून नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा. तातडीसाठी रुग्णवाहिका १०८ आणि पोलीस ११२, हे दोन्ही क्रमांक मोठ्या मुलांना तोंडपाठ असू द्या.

धरणावर पोचल्यावर: आधी वर, मग खाली

बहुतेक कुटुंबं उलट करतात. धरणाच्या पायथ्याशी बाग आहे, मुलं तिथेच रमतात, खेळून दमतात आणि मग वर चढायच्या वेळी उचलून घ्या म्हणतात. तेव्हा सकाळची ताकद असताना आधी वर जा. आजी-आजोबांना पायऱ्या झेपत नसतील, तर त्यांच्यापाशी कुणी एकाने बागेत बसावं आणि नंतर पाळी बदलावी.

साळावली नदी झुआरीच्या खोऱ्यातली. तिच्यावर मातीचा भराव आणि दगडी बांधकाम अशी जोडभिंत घातली आहे. लांबी एक किलोमीटर, उंची सुमारे ४३ मीटर. मागे पसरलेला जलाशय सुमारे २४ चौरस किलोमीटरचा, त्यात २३ कोटी घनमीटरहून जास्त पाणी मावतं. वर उभं राहिलं की आकडे सांगावे लागत नाहीत. एका बाजूला डोंगरांच्या पायाशी शिरलेलं पाणी दिसतं, दुसऱ्या बाजूला खाली बाग आणि नदीचं पात्र.

आता सांडव्याकडे या. सगळी गर्दी यासाठीच असते आणि ती योग्यच आहे. या सांडव्याला दरवाजे नाहीत. याला 'डकबिल' म्हणतात, कारण त्याची कड बदकाच्या चोचीसारखी वळून जलाशयात शिरलेली आहे. हा आकार दिसायला छान म्हणून दिलेला नाही. सरळ बांध घातला असता तर पाणी पडायला भिंतीच्या रुंदीएवढीच कड मिळाली असती. कड वाकवल्यामुळे तेवढ्याच जागेत तिची लांबी कितीतरी वाढते आणि पातळी थोडीशी चढली तरी भरपूर पाणी बाहेर पडतं. रात्री दोन वाजता मुसळधार पाऊस आला तरी कुणी दरवाजे उघडायला धावत यायला नको. पाणी कडेवर आलं की आपोआप पडायला लागतं. पाचवी-सहावीतल्या मुलाला हे घरूनच समजावून न्या. कागदाची एक पट्टी सरळ धरा, मग तीच लांब पट्टी त्याच जागेत वाकवून बसवा. लगेच कळतं.

पाणी पडत असताना कठड्यावरून खाली नीट बघा. कडेवरून येणारं पाणी आधी काचेसारखं गुळगुळीत असतं, हिरवट तपकिरी, त्यातून खालचं काँक्रीट दिसतं. हातभर खाली गेलं की ते फाटतं, पांढरं होतं आणि आतल्या पोकळीत कोसळतं. तिथून उठलेले तुषार वारा वर आणतो. चष्मा दोन मिनिटांत धूसर होतो, मुलांचे केस भिजतात आणि बोललेलं ऐकू येत नाही. म्हणून तिथे जाण्याआधीच ठरवून घ्या: कोण कुणाचा हात धरणार आणि निघायचं झालं की काय खूण करायची.

कठड्यावर मुलाला बसवून फोटो काढायचा नाही. उचलून खांद्यावर घेऊनही नाही. सेल्फी काढताना पाठ पाण्याकडे आणि लक्ष मोबाइलमध्ये असतं, त्यामुळे फोटो दुसऱ्याने काढावा आणि काढणाऱ्यानेही मागे सरकताना मागे बघावं. ड्रोन उडवायचा विचार असेल तर तो सोडा. धरण ही संरक्षित मालमत्ता आहे, परवानगीशिवाय उडवता येत नाही.

आणखी एक गोष्ट मुलांना प्रेमाने पण स्पष्ट सांगा. मातीच्या भरावाच्या पाण्याकडच्या उतारावर मोठे दगड रचलेले असतात. त्याला पिचिंग म्हणतात. लाटांनी माती धुपू नये म्हणून ते तिथे आहेत. ते दगड उपटून पाण्यात 'डुबुक' करण्याचा खेळ सगळ्यांनाच आवडतो, पण एकेक दगड गेला की त्याखालची माती लाटांच्या तोंडी येते.

पाण्यात उतरायचं नाही, आणि का ते

साळावलीत पोहायचं नाही, पाय सोडून बसायचं नाही, गाडी धुवायची नाही, कपडे धुवायचे नाहीत. हे पाणी घरातल्या घागरीतलंच समजा. घागरीत कुणी पाय घालत नाही. इथूनच ते शुद्धीकरण प्रकल्पात जातं आणि तिथून जलवाहिन्यांनी सासष्टी, मुरगाव, केपे, सांगे अशा तालुक्यांत पोचतं.

दुसरं कारण जिवाचं. धरणाचा काठ नदीच्या काठासारखा हळूहळू खोल होत नाही. बुडण्याआधी तिथे डोंगराचा उतार होता, त्यामुळे दोन पावलं गुडघाभर आणि तिसरं पाऊल गळ्यापर्यंत असं होतं. खाली जुन्या झाडांचे बुंधे आहेत. वरचं पाणी कोमट, खालचं थंड. पोहणाऱ्याच्या पायात गोळे येतात. चांगले पोहणारे तरुण गोव्यातल्या अशाच पाण्यात दरवर्षी जातात, आणि बहुतेक वेळा एकाला वाचवायला दुसरा उतरलेला असतो. कुणी पडलंच तर उतरू नका. ओढणी, दोरी, लांब फांदी किंवा रिकामा बंद कॅन फेका आणि ओरडून माणसं गोळा करा.

सांडव्याच्या खालच्या पात्रातही उतरू नका. वरून स्वच्छ ऊन असलं तरी डोंगरात पाऊस पडला की पाणी वाढतं आणि खडकावर उभ्या असलेल्याला ते पायाशी येईपर्यंत कळत नाही.

बाग, महादेवाचं देऊळ आणि जेवण

आता खाली या. बागेत झाडांच्या सावलीत चादर पसरा. मुलांना तास-दीड तास सोडा आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणाऱ्याचं नाव आधी ठरवा. 'सगळेच बघतायत' म्हटलं की कुणीच बघत नसतं. जेवण झाल्यावर उष्टं-खरकटं झाडाच्या मुळाशी टाकू नका. माकडं आणि कुत्री त्यासाठी येतात आणि पुढच्या कुटुंबाच्या ताटावर झडप घालतात.

जेवणानंतर ऊन असेल तर थोडं पडून राहा. मग धरणाजवळ नव्याने उभारलेलं महादेवाचं देऊळ बघायला जा. हे मुळात इथलं नाही. कदंबकाळातलं हे लहानसं दगडी देऊळ जलाशयात गेलेल्या कुर्डी गावात होतं. गाव बुडणार म्हटल्यावर पुरातत्त्व खात्याने दगड उतरवून ते सुमारे १७ किलोमीटरवर इथे पुन्हा जुळवलं. मुलांना एक काम द्या: दगडांचे सांधे बघत देवळाला एक फेरी मारायला सांगा. एवढे जड दगड सोडवले, वाहून आणले आणि पुन्हा होते तसेच बसवले, हे हाताने सांधा चाचपून बघितलं की पटतं.

कुर्डी: वेगळा दिवस, वेगळी वाट

कुर्डी गावाबद्दल थोडं अधिक लिहायला हवं, कारण ते कळल्याशिवाय साळावली कळत नाही. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांनी धरणाची कल्पना कुर्डीच्या लोकांपुढे मांडली आणि तुमच्या त्यागातून सगळ्या दक्षिण गोव्याला पाणी मिळेल असं सांगितलं, ही आठवण तिथले जुने लोक अजून सांगतात. गाव सुपीक होतं. भातशेती, माड, काजू, आंबे, फणस. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान एकत्र राहत. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर इथल्याच, १९०४ साली जन्मलेल्या. किशोरी आमोणकरांच्या त्या आई. लोकांना वाडे आणि वालकिणी या वसाहतींत हलवलं आणि १९८० च्या दशकात गाव पाण्याखाली गेलं.

दर मे महिन्यात पाणी उतरलं की गाव वर येतं. सोमेश्वराचं देऊळ उघडं पडतं आणि विखुरलेली कुर्डीकर मंडळी उत्सवाला जमतात. ख्रिस्ती बांधवही आपल्या कपेलच्या (छोट्या चर्चच्या) फेस्ताला, म्हणजे सणाला, येतात. तुम्ही गेलात तर पायाखाली भेगा पडलेली, फरशीसारखी वाजणारी माती असेल. मधूनच जांभ्याचा घराचा चौथरा, एखादी बुजलेली विहीर, वाळून करडे झालेले माडांचे बुंधे. एखादी आजी नातवाला बोटाने दाखवत असते: 'हांगा आमचें रांदचें कूड, थंय गोठो.' (इथे आमचं स्वयंपाकघर, तिथे गोठा.)

तिथे जायचं तर काही पथ्यं पाळा. कुर्डी धरणाच्या भिंतीजवळ नाही, जलाशयाच्या वरच्या अंगाला आहे. दोन्ही एकाच दिवशी लहान मुलांसह करू नका. मेच्या मध्यापासून पहिल्या पावसापर्यंतचाच काळ धरा. पहाटे निघून दहाच्या आत परत फिरा, कारण सावली अजिबात नाही. गाडी कोरड्या दिसणाऱ्या चिखलावर घालू नका. वरचा पापुद्रा कडक असतो, खाली लोणी; पाण्याच्या कडेला माणूसही गुडघ्यापर्यंत रुततो. विहिरींच्या काठापासून मुलांना दूर ठेवा. देवळाच्या चौथऱ्यावर चपला घालून चढू नका. विट, कौल, मडक्याचा तुकडा, काहीही उचलून आणायचं नाही. लोकांच्या घराच्या खुणा आहेत त्या. उत्सवाच्या दिवशी गेलात तर आधी विचारा, मगच फोटो काढा.

दिवस उरला तर

रिवणजवळ कुशावतीच्या काठी पणसाईमळ, उसगाळीमळ इथे जांभ्यावर कोरलेली प्राचीन चित्रं आहेत. १९९३ च्या सुमारास ती अभ्यासकांच्या नजरेत आली. बैल, हरणं, चक्रव्यूहासारखी गोल आकृती. हिवाळ्यातल्या दुपारच्या तिरक्या उन्हात रेषा चांगल्या दिसतात. पावसाळ्यात नदी खडकांवर चढते, तेव्हा जाऊ नका.

नेत्रावळीची बुडबुड्यांची तळी मुलांना वेड लावते. गोपीनाथाच्या देवळाच्या या तळीत तळातून सतत बुडबुडे येत राहतात. पण साळावली, कोरीव चित्रं आणि नेत्रावळी असं सगळं एका दिवसात कोंबलं तर मुलं गाडीतच झोपतील. यातलं एकच निवडा.

परतीला जांबावलीला थांबा. दामोदराचं देऊळ, समोर नदीचा घाट, संध्याकाळची आरती. मडगावचा दामोदर सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या काळात इथे आणला गेला, म्हणून मडगावकरांचं या जागेशी आजही घट्ट नातं आहे. पावसाळ्यात घाटाच्या शेवटच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, तिथवर जाऊ नका. अंधार पडायच्या आत रिवण-केपे रस्ता मागे पडलेला बरा; वळणं आहेत आणि गुरं रस्त्यावर बसलेली असतात.

साळावली लांब पडत असेल तर

आपल्या घरचं पाणी कुठून येतं ते बघून धरण निवडा, मुलांना जास्त गोडी लागते. बार्देशकरांचं पाणी अस्नोडा प्रकल्पातून येतं. त्याला आमठाणे आणि तिळारी धरणांचा आधार आहे. फोंडा आणि तिसवाडीला ओपा प्रकल्पाचं पाणी, ते खांडेपार नदीवरून. काणकोणकरांचं चापोली धरण छोटं आहे, शांत आहे, आणि डोंगरांच्या कुशीत असल्यामुळे हिवाळ्यात अर्ध्या दिवसाला पुरेसं. सत्तरीत केरीजवळ चोर्ला घाटाच्या रस्त्यावर अंजुणे धरण आहे. घाटातून खाली बघितलं की जलाशयाचा पूर्ण आकार दिसतो. तिथे हिवाळा-उन्हाळ्यात रानात शिरणार असाल तर पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पाय झाका आणि घरी आल्यावर मुलांच्या काखा, कानामागे, केसांत गोचीड आहे का ते बघा. सत्तरीत माकडतापाचे रुग्ण आढळलेले आहेत आणि तो आजार गोचिडीमार्फत पसरतो. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, आरोग्य केंद्राला किंवा वन खात्याला कळवा. त्यानंतर पंधरवड्यात कुणाला ताप आला, तर डॉक्टरांना आपण कुठल्या रानात गेलो होतो ते आधी सांगा.